मस्टँग, चॅलेंजर की कॅमॅरो: सात महिन्यांचा हिशेब

२०२३ च्या मार्च महिन्यात शेव्हरलेने जाहीर केले की कॅमॅरो या आपल्या गाडीच्या सहाव्या पिढीचे उत्पादन जानेवारी २०२४ मध्ये थांबणार आहे, आणि गेली आठ-दहा वर्षे ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून मी टाळत आलेल्या विषयाला अचानक मुदत पडली. डॉजने चॅलेंजरबाबत हेच आदल्या ऑगस्टमध्ये सांगून ठेवले होते. म्हणजे आठ सिलिंडरांच्या तीन अमेरिकन कूपेंपैकी (दोन दारांच्या गाड्यांपैकी) दोन संपणार होत्या आणि तिसरी, फोर्डची मस्टँग, नव्या रूपात येऊ घातली होती. माझे वय सेहेचाळीस, मुलगी बारा वर्षांची, आणि दारातली २०१० ची सेडान मिशिगनच्या रस्त्यांवर बर्फासाठी टाकलेल्या मिठाने चाकांच्या कमानींपाशी गंजलेली. मी एक दोनशे पानी वही आणली आणि कामाला लागलो. गाडी घरी आली ती ऑक्टोबरात. मधल्या काळात जे कळले ते त्याच क्रमाने येथे लिहीत आहे, कारण अश्वशक्तीचे तक्ते मला ढिगाने सापडले, पण विम्याचे आणि कागदपत्रांचे काय करायचे हे कोणी धड सांगितलेले आढळले नाही.

जाणकार मंडळी मस्टँग आणि कॅमॅरो यांना ‘पोनी कार’ म्हणतात आणि ‘मसल कार’ हा शब्द चॅलेंजरसारख्या थोराड गाड्यांसाठी राखून ठेवतात. वाद जुना आहे. मी त्यात पडलो नाही. माझ्यापुढे तीन नावे होती. मस्टँग जीटीमध्ये ५.० लिटरचे इंजिन आहे आणि २०१८ मध्ये त्याची शक्ती ४६० अश्वशक्ती झाली. कॅमॅरो एसएसचे इंजिन ६.२ लिटरचे आणि ४५५ अश्वशक्तीचे. चॅलेंजर आर/टी स्कॅट पॅकचे ६.४ लिटरचे आणि ४८५ अश्वशक्तीचे. आकडे पाहता चॅलेंजर पुढे दिसते, परंतु तिचे वजन १९०० किलोच्या पुढे जाते आणि बाकीच्या दोघी १७०० च्या आसपास आहेत, त्यामुळे ती पंचवीस अश्वशक्ती वजन ओढण्यातच खर्ची पडते. वहीचे पहिले पान या आकड्यांनी भरले आणि पुढच्या सात महिन्यांत मी त्या पानाकडे जवळजवळ परत गेलोच नाही.

बजेट करासहित ४० हजार डॉलरचे ठरवले होते. त्या वसंतात नव्या गाड्यांवर अनेक विक्रेते छापील किमतीच्या वर ‘मार्केट अ‍ॅडजस्टमेंट’ नावाची एक ओळ लावत असत. एका ठिकाणी ती पाच हजारांची होती आणि ती कशाची, असे विचारल्यावर विक्रेत्याने ‘मागणीची’ असे प्रामाणिकपणे सांगितले. म्हणून वापरलेली, २०१८ ते २०२१ मधली, ३० हजार मैलांच्या आत चाललेली गाडी घ्यायची असे ठरले. गिअर हाताने टाकायचा, हा माझा एकच हट्ट होता.

पहिली फेरी १५ एप्रिलला चॅलेंजरची झाली. त्या विक्रेत्याकडे हाताच्या गिअरची गाडी नव्हती, आठ गिअरची ऑटोमॅटिक होती, तीच चालवली. आत बसताच आजोळच्या दिवाणखान्यातील सोफ्यावर बसल्यासारखे वाटले: रुंद, ऐसपैस, जरा जुन्या वळणाचा. मागे मुलगी पाय पसरून बसली आणि तिने तेथेच आपला निकाल दिला. डिकीत विमानप्रवासाच्या दोन मोठ्या बॅगा सहज मावल्या असत्या. सिग्नल सुटला की गाडीचे नाक वर उचलले जाते आणि इंजिनाचा आवाज पोटात जाणवतो. हा आनंद खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. परंतु गाडीची लांबी पाच मीटरच्या वर आहे. घरी येऊन गॅरेजमध्ये टेप लावला, तेव्हा बर्फ काढायचे यंत्र आणि मागच्या भिंतीवरची फडताळे वजा जाता सव्वापाच मीटर उरले. गाडी आत गेली असती, पण मग दार बंद करून तिच्या पुढून घरात जायला अंग चोरावे लागले असते. आधी गॅरेज मोजावे आणि मग गाड्या पाहाव्यात. मी हे उलट केले.

६ मे रोजी मस्टँग चालवली. तिच्याबद्दल लिहायला थोडेच आहे, आणि ते कौतुकच समजावे. बसल्यावर पुढचे, मागचे, बाजूचे सगळे दिसते, क्लच हलका आहे, डिकी कामापुरती आहे, आणि मागच्या सीटवर मुलगी तक्रार करत का होईना, बसते. मी पाऊण तासात तिला सरावलो. परतताना पत्नी म्हणाली, “हीच घेऊन टाक.” मी वहीत तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

२० मे रोजी कॅमॅरो पाहिली आणि खुणेचा निकाल लागला. माझी उंची पाच फूट पाच इंच. या गाडीच्या काचा आधीच अरुंद, छत खाली, आणि सीट सर्वांत खालच्या पातळीला लावलेली. मी आत बसलो तेव्हा विहिरीच्या काठावरून डोकावल्यासारखे बाहेर दिसत होते. एसीचे तापमान बदलायचे बटण सापडेना. विक्रेत्याने दाखवले की मधल्या गोल झरोक्यांभोवतीची कडीच फिरवायची असते. ते झरोके इतके खाली आहेत की थंड हवा थेट गिअरच्या मुठीवरील हातावर येते. पार्किंगमधून निघताना पहिल्यातून दुसरा टाकायला गेलो, तर दांडा आपोआप चौथ्याकडे सरकला. गाडी बिघडली असे वाटून मी ओशाळलो. नंतर कळले की हलक्या पायाने चालवताना इंधन वाचवण्यासाठी पहिल्यावरून थेट चौथा घ्यायला लावणारी ती मुद्दाम केलेली योजना आहे. पायाने थोडा अधिक जोर दिला की दुसरा गिअर मुकाट्याने पडतो.

हे सगळे झाल्यावर ग्रँड रिव्हर अव्हेन्यूवरून आय-९६ महामार्गाच्या चढणीच्या वळणावर लागलो. त्या वळणावर मी चौदा वर्षे गाडी घालतो आहे. कॅमॅरो त्यावरून अशी गेली की स्टीअरिंग मनात वळवले आणि गाडी वळली, यांत अंतर उरले नाही. चॅलेंजरमध्ये त्याच वळणावर मी सीटला धरून बसलो होतो आणि मस्टँगमध्ये ठीक होतो. येथे मी हसलो, असे पत्नी सांगते. मागे मुलगी बसलीच नव्हती, कारण पुढची सीट माझ्या मापाला लावल्यावर मागे पायांसाठी वीतभर जागा राहत होती. कॅमॅरो जेथे बनत असे तो कारखाना लान्सिंगला आहे, आणि त्याचेही नाव ग्रँड रिव्हर असेच आहे. तोच रस्ता नोव्हाय गावावरून पुढे लान्सिंगला जातो.

तर मेअखेर अशी स्थिती होती: मुलीला चॅलेंजर हवी, पत्नीला मस्टँग, आणि मला जी हवी होती तिच्यातून मला दिसत नव्हते.

जून महिना विम्यात गेला. मिशिगनमध्ये अपघातातील स्वतःच्या वैद्यकीय खर्चाचे संरक्षण वाहनविम्यातच असते. पूर्वी ते अमर्याद घ्यावे लागे. जुलै २०२० पासून पाच लाख किंवा अडीच लाख डॉलर अशा मर्यादा निवडता येतात, आणि आपल्या आरोग्यविम्यात वाहन-अपघाताच्या दुखापती येत असतील तर आणखी सूट मिळू शकते. त्यासाठी आरोग्यविम्याच्या कंपनीचे तसे पत्र लागते. मी ते मागवले, यायला नऊ दिवस लागले, आणि आकडे समोर आल्यावर पाच लाखांची मर्यादाच बरी असे ठरवून ते पत्र फायलीत ठेवून दिले. तरीही ते आधी मागवावे, कारण ते हातात असल्याशिवाय एजंट खरा आकडा सांगत नाही. सहा महिन्यांच्या हप्त्याचे मला मिळालेले अंदाज असे होते: मस्टँग ११८० डॉलर, कॅमॅरो १२४० आणि चॅलेंजर १७१०. चॅलेंजर आणि तिची चार दारांची बहीण चार्जर यांच्या मोठ्या इंजिनांच्या गाड्या चोरांच्या विशेष आवडीच्या आहेत. दर कोठून आला ते समजले आणि मुलीला तिचा निकाल बदलावा लागणार हेही समजले. अंदाज घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. विक्रीला असलेल्या एखाद्या गाडीचा सतरा अक्षरी व्हिन क्रमांकच (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळखक्रमांक) द्यावा.

कर्जाची पूर्वमंजुरी आमच्या क्रेडिट युनियनकडून (सभासदांच्या पतसंस्थेकडून) पाच वर्षांसाठी ६.७४ टक्क्यांनी मिळाली. तिची मुदत तीस दिवसांची होती. मी रेंगाळलो, ती संपली, आणि ऑक्टोबरात सर्व कागद पुन्हा दिले तेव्हा दर ७.२४ झाला होता. त्या वर्षी व्याजाचे दर सतत चढत होते, तेव्हा हा दंड माझ्या आळसाचाच.

जुलैमध्ये मस्टँग जवळजवळ घेतलीच होती. २०१९ ची, निळी, एका मालकाची, अपघाताच्या नोंदींचा अहवाल स्वच्छ. तरीही १८५ डॉलर देऊन एका स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घेतली. त्याने रंगाची जाडी मोजायचे खिशाएवढे यंत्र गाडीवरून फिरवले. सगळीकडे १२० मायक्रॉनच्या आसपास आकडा येत होता. डाव्या बाजूच्या मागच्या पत्र्यावर तो ३०० च्या वर गेला. मग त्याने डिकीतील गालिचा उचलून आतल्या शिवणीवर टॉर्च धरला आणि मला बोट फिरवायला सांगितले. उजवीकडची शिवण गुळगुळीत होती, डावीकडची हाताला खरखरीत लागली. कोणीतरी विमा कंपनीला न कळवता दुरुस्ती करून घेतली होती, म्हणून अहवालात काही आले नव्हते. विकणाऱ्याने आपल्याला माहीत नव्हते असे सांगितले, असेलही तसे. आगाऊ दिलेले ५०० डॉलर परत मिळाले, कारण पावतीवर ‘परत मिळण्याजोगे’ हे शब्द मी आग्रहाने लिहून घेतले होते.

१९ ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझ होती. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर हजारो जुन्या-नव्या गाड्या संथपणे फिरत असतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून बसतात. १९९५ पासून हे चालू आहे. मी रॉयल ओकला उन्हात पाच तास उभा राहिलो आणि जो थांबेल त्या मालकाला प्रश्न विचारले. वेगाबद्दल कोणी फारसे बोलले नाही. टायरांबद्दल सगळे बोलले. कॅमॅरो एसएसचे मूळ टायर रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे असतात, डिकीत स्टेपनी नसते, आणि चारींचा संच सुमारे तेराशे डॉलरला पडतो, हे मला तेथे कळले. ते उन्हाळी टायर असल्याने तापमान पाच अंशांखाली गेले की रबर कडक होऊन पकड सुटते, हेही कळले. एका आजोबांनी आपल्या कॅमॅरोची सीट वर करून मला आत बसवले. सीटची उंची बदलता येते ही गोष्ट मे महिन्यात मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. त्यांनी आरसे दाराच्या कडेपासून बाहेर किती वळवायचे तेही दाखवले. पहिल्यांदाच मला त्या गाडीतून रस्ता दिसला.

तरीही निर्णय होईना. गणपती १९ सप्टेंबरला बसले, पाच दिवसांनी विसर्जन झाले, आणि त्या रात्री भांडी आवरताना पत्नीने विचारले, “मागे नक्की कोण बसणार आहे?”

मी म्हणालो, “आपण तिघे कुठे गेलो तर…”

“किती दिवस?”

आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर आणि फोनमधले फोटो घेऊन बसलो. गेल्या वर्षभरात तिघेही मिळून माझ्या जुन्या सेडानमधून गेलो होतो अकरा वेळा. त्यांतल्या नऊ वेळी पत्नीची एसयूव्ही शेजारीच उभी होती. माझी बाहेर लावलेली होती म्हणून नेली, एवढेच. मी वही उघडली. डिकीचे माप, मागच्या सीटवरील पायांची जागा, बर्फातली चाल, विमानतळावरचे सामान, असे रकाने मी मन लावून आखले होते आणि ते सगळे पहिल्या गाडीचे रकाने होते. पहिली गाडी, म्हणजे पत्नीची एसयूव्ही, आमच्याकडे होती. ती बर्फातही चालते आणि तिच्यात पाहुणेही बसतात. ऑफिसला मला आठवड्यातून दोनच दिवस जायचे असते आणि हिवाळ्यात ते दोन दिवस पत्नीला तिच्या कामावर सोडून तिचीच गाडी पुढे नेता येते. दुसऱ्या गाडीला मी पहिलीचे माप लावत बसलो होतो, आणि म्हणूनच सर्व रकान्यांत मधली असलेली मस्टँग प्रत्येक वेळी जिंकत होती आणि मला प्रत्येक वेळी चुकल्यासारखे वाटत होते. ज्यांच्या घरी ही एकच गाडी असणार आहे त्यांनी मस्टँग घ्यावी, असे मी आजही सांगेन.

कॅमॅरो शोधताना नावांचा घोळ सांभाळावा लागतो. ‘१एलटी’ ही चार किंवा सहा सिलिंडरांची साधी आवृत्ती आहे आणि ‘एलटी१’ ही २०२० पासून आलेली आठ सिलिंडरांची. जाहिरातींत दोन्ही एकमेकींच्या जागी लिहिलेल्या आढळतात. व्हिन क्रमांकातले आठवे अक्षर इंजिन सांगते: ६.२ लिटरसाठी तेथे ७ असतो. एका जाहिरातीत एसएसची जाळी आणि एसएसची अक्षरे होती, पण आठव्या जागी ‘एस’, म्हणजे सहा सिलिंडरांचे इंजिन. दहावे अक्षर साल सांगते. के म्हणजे २०१९, एल म्हणजे २०२०. हा क्रमांक राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की कोणती रिकॉल दुरुस्ती (दोष आढळल्यावर कंपनीने गाड्या परत बोलावून करायची) बाकी आहे तेही फुकट कळते.

३० सप्टेंबरला लान्सिंगच्या बाजूच्या एका विक्रेत्याकडे २०१९ ची २एसएस (एसएसची वरची आवृत्ती) मिळाली: राखाडी, सहा गिअर, १८,४०० मैल. त्या एका वर्षाच्या एसएसचे पुढचे तोंड लोकांना आवडले नाही आणि कंपनीने पुढच्याच वर्षी ते बदलले. पत्नीच्या मते ते मागूर माशासारखे दिसते. आत बसल्यावर तोंड दिसत नाही आणि किंमत कमी पडते. या गाडीत आरशातच मागच्या कॅमेऱ्याचे चित्र दिसायची सोय होती, सीट विजेवर वर-खाली होत होती, आणि स्टीअरिंगमागे दोन पाती होती. हाताच्या गिअरच्या गाडीत ती कशाला, असे वाटले. ती ओढली की गिअर उतरवताना इंजिनाचे फेरे गाडी स्वतः जुळवून देते. १० ऑक्टोबरला त्याच मेकॅनिकने तपासली. सर्वत्र ११५ ते १३० मायक्रॉन. मागचे टायर अर्धे झिजलेले. तो कागद दाखवून आणि थंडी तोंडावर आल्याची आठवण देऊन ३९,९०० ची किंमत ३८,४०० वर आणली. मिशिगनमध्ये अशा गाडीचा भाव ऑक्टोबरात जितका उतरतो तितका एप्रिलमध्ये उतरत नाही. इंजिन-गिअरबॉक्सची पाच वर्षांची मूळ हमी जून २०२४ पर्यंत शिल्लक होती.

ताबा दसऱ्याला घ्यायचा हे घरातून ठरले. २४ ऑक्टोबर, मंगळवार. विक्रेत्याला दोन आठवडे थांबायचे कारण समजावताना माझी तारांबळ उडाली, पण ५०० डॉलर घेऊन तो थांबला. आदल्या शनिवारी जुनी सेडान सहकाऱ्याच्या मुलाला २१०० डॉलरना दिली. येथे नंबरप्लेट गाडीबरोबर जात नाही, मालकाकडे राहते, म्हणून ती आठवणीने काढून घ्यावी. पुढच्या गाडीला तीच लावता येते. इतर अनेक राज्यांत वाहननोंदणीचे जे काम डीएमव्ही नावाच्या कार्यालयात होते ते मिशिगनमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात होते, आणि तेथे घेणाऱ्याला सोबत नेऊन नाव बदलून टाकले की नंतर त्याच्या पार्किंगच्या पावत्या आपल्या नावावर येत नाहीत.

सही करायच्या खोलीत एक तास चाळीस मिनिटे गेली. पहिल्या छापील हिशेबात रंगसंरक्षणाचे ११९५ डॉलर आधीच धरलेले होते. ते काढायला सांगितले; काढले, कुरकुर न करता. वाढीव हमी २८०० ची होती, तीही नको म्हटले. उरले ते असे: गाडी ३८,४००, कागदपत्रांचे २४०, या दोन्हींवर सहा टक्के विक्रीकर २,३१८.४०, टायटलचे (मालकीपत्राचे) १५, आणि जुनी नंबरप्लेट नव्या गाडीवर चढवण्याचे थोडे. एकूण ४१ हजारांच्या जरा आत. बजेट हजाराने चुकले. आरडी-१०८ नावाच्या अर्जावर व्हिन क्रमांक आणि मैलांचा आकडा गाडीसमोर उभे राहून ताडून पाहावा. माझ्या अर्जात मैलांचा एक अंक चुकला होता आणि तो तेथेच दुरुस्त झाला. मिशिगनमध्ये पुढे नंबरप्लेट लावावी लागत नाही, त्यामुळे त्या मागुराच्या तोंडाला भोके पडली नाहीत.

घरी झेंडूचा हार, चाकांखाली लिंबे, नारळ. चिंचवडहून बाबा व्हिडिओवर होते. त्यांनी गाडी सगळीकडून दाखवायला लावली आणि विचारले, “अ‍ॅव्हरेज किती देते?”

“शहरात सात, हायवेला दहा.”

“लिटरला?”

“लिटरला.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “रंग चांगला आहे.”

महागडे प्रीमियम पेट्रोल घालावे असे कंपनी सांगते, हे मी त्यांना सांगितले नाही.

चार आठवड्यांनी गाडी झोपवावी लागली. टाकी पूर्ण भरून इंधन टिकवणारे द्रव्य घातले, टायरांत हवा थोडी जास्त भरली, बॅटरीला हळू चार्ज करणारे ४५ डॉलरचे यंत्र लावले आणि उंदरांसाठी एक्झॉस्टच्या तोंडांत तारेचे बोळे बसवून त्यांची चिठ्ठी स्टीअरिंगला चिकटवली, म्हणजे काढायला विसरणार नाही. कर्ज असल्यामुळे हिवाळ्यापुरता विमा कमी करता आला नाही. तो खर्च धरून चालावे.

मार्चअखेर रस्त्यांवरचे मीठ धुऊन नेणारे दोन मोठे पाऊस होईपर्यंत मी थांबलो आणि मग गाडी बाहेर काढली. मुलगी आता तेरा वर्षांची झाली होती आणि एप्रिलपासून ती पुढे बसू लागली. मागच्या सीटवर आता तिचे व्हायोलिन असते. ते आडवे ठेवले तर बरोबर मावते.